जिल्ह्याच्या खेट्यांपासून तालुक्याच्या गुरुवारापर्यंत

आमचा धाकटा आता शाळेत जायला लागलाय, त्यामुळे थोडी उसंत मिळालीय. ओळखीत कुणाचं मूल उशिरा बोलतंय असं कळलं की फोन माझ्याकडे येतो आणि दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलाची आई आहे, तालुक्यापासूनही आत असलेल्या गावात राहते, आणि जवळजवळ सगळं सरकारी रस्त्यानेच केलंय, कारण खासगी सेंटर शहरात, आणि तिथे आठवड्यातून तीनदा पोराला घेऊन जायचं म्हणजे घर-शेत बंद करून तिकडेच राहायला जायचं.

लक्षणं काय होती ते थोडक्यात सांगते. नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पण आतल्या खोलीत मोबाईल वाजला की धावत यायचा. काही हवं असलं की बोटाने दाखवायचा नाही, माझं मनगट धरून ओढत न्यायचा आणि माझा हात त्या वस्तूवर ठेवायचा. शब्द दोन-चार आले होते, ते पण गेले. घरात सगळ्यांचं एकच, "अगं मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप पण तसाच होता." सासूबाईंचा त्यात वाईट हेतू नव्हता, त्यांनी पाहिलेलंच त्या सांगत होत्या. पण "उशिरा बोलणं" आणि "आलेले शब्द जाणं" ह्यात फरक आहे, आणि तो फरक आम्हाला सांगणारं आसपास कुणी नव्हतं.

आता हे का नव्हतं ते मला नंतर कळलं आणि मला वाटतं खेड्यातल्या सगळ्या घोळाचं मूळ इथंच आहे. बाळ झाल्यावर आशाताई घरी येतात, पहिले दीड महिने तर येतातच, आणि २०१८ पासून त्याच्यापुढेही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी यायची पद्धत आहे. वजन, लसी, वरचं खाणं, आणि बाळ बसतं का, रांगतं का, हे सगळं बघतात. आमच्या आशाताई चांगल्या होत्या, वेळेवर यायच्या. पण ठरलेल्या भेटी पंधराव्या महिन्याला संपतात! आणि बोलणं, बोटाने दाखवणं, दुसऱ्या मुलांकडे बघणं ह्यातली गडबड ठळक दिसायला लागते ती साधारण दीड वर्षानंतर. मूल अंगणवाडीत रोज बसायला लागतं तिसऱ्या वर्षी. म्हणजे दीड ते तीन ह्या मधल्या काळात, जेव्हा मेंदू सगळ्यात पटापट शिकत असतो तेव्हाच, मुलाला नीट निरखून बघणारं घराबाहेरचं माणूस कुणीच नसतं. शहरात निदान बालरोगतज्ज्ञ असतो, लसीला गेलं की तो विचारतो तरी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, हा खरं तर ह्याच्यासाठीच आहे. २०१३ ला सुरू झाला, आणि सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं ह्यात येतात, जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि विकासातला विलंब असे चार गट आहेत. गाडी घेऊन डॉक्टरांचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पण पथक येतं त्या दिवशी दोन वर्षांचं मूल अंगणवाडीत असेलच असं नाही. आम्ही दोनदा हुकलो असणार, कारण पथक येऊन गेल्याचं संध्याकाळी कळायचं. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनीच निरोप पाठवला, "उद्या गाडी येणारे, पोराला घेऊन या, मला त्याचं बघणं वेगळं वाटतंय." त्या बाईंना ह्याचं काही ट्रेनिंग होतं असं नाही, पण रोज इतकी मुलं बघणाऱ्या बाईच्या नजरेला कळतं ते कळतंच.

पथकातल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्यासमोर बसून खेळणं फिरवलं, हाक मारली, मला प्रश्न विचारले आणि चिठ्ठी दिली, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची. सरकारी मराठीत त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र म्हणतात, पण तिकडे गेटवर हे नाव घेतलं तर कुणालाही कळत नाही, डीईआयसीच विचारा. एकाच ठिकाणी बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, कान आणि वाचा बघणारे, डोळे बघणारे, विशेष शिक्षक असे सगळे असावेत अशी ती कल्पना आहे. कल्पना खरंच चांगली आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यातली काही पदं रिकामी होती, ते पुढे सांगते.

सगळ्यात आधी कान तपासायला सांगितले. हे बरोबरच आहे, बोलत नाही म्हणजे ऐकू येत नसेल का हे आधी काढून टाकायला लागतं. बेरा म्हणून टेस्ट असते, डोक्याला वायरी लावून कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचतो का बघतात, आणि ती करताना मूल गाढ झोपलेलं लागतं. तर आमचं पोरगं एसटीत बसल्या बसल्या ढाराढूर झोपलं आणि त्या खोलीत गेल्यावर टक्क जागं. परत पुढची तारीख. पुढच्या वेळी आम्ही रात्री उशिरापर्यंत त्याला खेळवत ठेवलं, पहाटे उठवलं, बसमध्ये नवऱ्याने गाणी म्हणून, खिडकीतून म्हशी दाखवून जागं ठेवलं, शेजारचे लोक बघत होते की ही कसली माणसं, झोपलेल्या पोराला गुदगुल्या करून उठवतायत! लांबून येणाऱ्या पालकांना ही टेस्ट कशी साधायची हे आधीच कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मुद्दाम लिहिलं. जमलं तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा.

कान नीट निघाले. मग मानसतज्ज्ञांनी बरंच काही विचारलं, त्याला खेळताना बघितलं, आयएसएए नावाची भारतातच बनवलेली एक मोजपट्टी आहे, चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तर किंवा वर गेली की ऑटिझम धरतात. बेरीज सत्तरच्या वर होती. मॅडमनी नीट बसवून सांगितलं, घाई केली नाही, हे मी आजही मानते. नवऱ्याने एकच विचारलं, "ह्याच्यावर गोळी काय आहे?" तर गोळी नाही, थेरपी आहे, आणि ती आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला हवी.

आता आठवड्यातून दोन-तीनदा म्हणजे काय ते बघा. सकाळी पहिली गाडी, तालुक्याला बदल, जिल्ह्याला पोचायला उन्ह डोक्यावर, नंबर लागेपर्यंत दुपार, थेरपी पाऊण तास, आणि घरी यायला रात्र. त्या पाऊण तासात पोरगं इतकं कावलेलं असायचं की टेबलाखाली बसून राहायचं. थेरपिस्ट बिचारी काय करणार. एका माणसाची रोजंदारी बुडते, मोठी मुलगी शेजाऱ्यांकडे, सासूबाईंच्या गुडघ्याचं वेगळंच. काही महिने रेटलं आणि मग गळपटलो. आमच्याबरोबर ओळख झालेल्या किती तरी आया अशाच मधेच यायच्या बंद झाल्या. रजिस्टरवर "पालक पाठपुरावा करत नाहीत" असं लिहिलं जात असणार. पालक पाठपुरावाच करत होते हो, एसटी करत नव्हती.

आमचं नशीब की तिथल्या विशेष शिक्षिकेने एक दिवस स्वतःहून सांगितलं, "ताई, मी ह्याला आठवड्यात दीड तास बघणार, तुम्ही दिवसभर बघता. तुम्हालाच शिकवते. महिन्यातून एकदाच या, पण अख्खा दिवस काढून या." तिथून आमची गाडी रुळावर आली.

तिने शिकवलं ते ऐकायला इतकं साधं आहे की आधी मला वाटलं हिने आपल्याला कटवलं. पहिलं म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं, वरून बोलायचं नाही. तो ज्याच्याशी खेळतोय त्यातच आपण शिरायचं, आपलं खेळणं त्याच्यापुढे नाचवायचं नाही. तो चाक फिरवत बसला तर आपण पण चाक फिरवायचं. प्रश्नांची सरबत्ती बंद, "हे काय आहे? सांग ना, काय आहे?" हे बंद. त्याऐवजी तो करतोय ते एक-दोन शब्दांत बोलायचं, "चाक. चाक फिरलं." आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबायचं. वस्तू हातात धरून, त्याच्याकडे बघत, तोंड बंद ठेवून थांबायचं, की तो बघेल, हात पुढे करेल, आवाज काढेल, काहीतरी करेल. आईला थांबता येत नाही हो. मूल मागायच्या आधी देणं हेच तर आपण आईपण समजतो. मला ते थांबणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्याचं पहिलं बोटाने दाखवणं आलं ते असंच मी डबा उघडून न देता नुसती धरून बसले होते तेव्हा.

आणखी एक, ती मला व्हिडिओ काढायला लावायची. पोराचा नाही, आम्हा दोघांचा. नवरा मोबाईल धरायचा, मी आणि पोरगं खेळायचं, पाच मिनिटं. मग ते आम्ही परत बघायचं आणि तिला पाठवायचं, ती त्यावर आवाजात उत्तर रेकॉर्ड करून पाठवायची, "इथे बघा, त्याने तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही खाली खेळणं शोधत होतात." लाइव्ह व्हिडिओ कॉल पण करून बघितले, पण आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीवर ऑटिझम असलेलं पोर नेऊन थेरपी म्हणजे त्याला पकडण्यातच वेळ. रेकॉर्ड केलेलं पाठवणं बरं, रात्री रेंज आली की जातं. ऑनलाइन थेरपीचं बोलणारे लोक नेहमी लाइव्ह कॉलचंच बोलतात, त्यांनी खेड्यात येऊन बघावं.

ह्याच्यावर नीट संशोधन झालेलं आहे हे मला तिनेच सांगितलं. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला, दोन्हीकडे मिळून केलेला अभ्यास, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नाहीत तर ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांना हेच शिकवलं, व्हिडिओ दाखवून, आणि पालकांचं मुलाशी वागणं आणि मुलाचं स्वतःहून संवाद सुरू करणं दोन्हीत फरक पडला. ऑटिझम गेला असं नाही, तसं कुणी म्हणत असेल तर तिथून उठून या. पण म्हणजे हे काम करायला दरवेळी डिग्रीवाला माणूसच शहरातून यायला हवा असं नाही. हे कळल्यावर माझं डोकं दुसऱ्याच दिशेला चालायला लागलं.

मधे कागदांचं सांगून टाकते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढाच. स्वावलंबन कार्डच्या सरकारी साइटवर फॉर्म भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, अंगठा, मग रुग्णालयात अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. प्रत्येक ठिकाणी बोर्डाचा वार वेगळा, आणि ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमतेसाठी मानसतज्ज्ञ त्या दिवशी हजर आहे का हे आधी फोन करून विचारा, नाहीतर हात हलवत परत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, ऑटिझम त्यात स्वतंत्र आहे, त्यामुळे "हे दिसत नाही तर सर्टिफिकेट कसलं" असं खिडकीवर कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात, एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि खरं सांगायचं तर आमच्यासाठी सगळ्यात कामाची तीच ठरली. लहान मुलांना सर्टिफिकेट बहुतेक वेळा तात्पुरतं देतात, पुढे परत तपासणी, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. निरामय म्हणून नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्यांच्यासाठी, त्यात थेरपीचा खर्च पण येतो, फक्त पैसे आधी आपण भरायचे आणि मग बिलं पाठवायची. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्याने काय करायचं, ते त्या फॉर्मवर लिहिलेलं नाही.

आता तालुक्याचं. माझ्या डोक्यात असं होतं की आमच्यासारखे आईबाप एकेकटे जिल्ह्याला जातात, त्यापेक्षा जिल्ह्याचे दोन माणसं महिन्यातून एकदा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आली तर? इमारत आहे, खोल्या आहेत, दुपारी ओपीडी संपली की रिकाम्याच असतात. मी आधी तोंडीच विचारलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, इथे असे पेशंटच नाहीत." त्यांच्या दृष्टीने खरं होतं, त्यांच्या ओपीडीत अशी मुलं येतच नाहीत, कारण इथे काही मिळत नाही म्हटल्यावर येतील कशाला!

म्हणजे मुलं आहेत हे दाखवायला लागणार होतं. आरबीएसकेच्या पथकाकडे चिठ्ठी दिलेल्या मुलांची नोंद असते, पण नावं ते मला देणार नाहीत, आणि देऊ पण नयेत, बरोबर आहे. मग असं ठरलं की त्यांनीच त्या घरांना फोन करून विचारायचं, तालुक्याला सोय झाली तर याल का. इकडे अंगणवाडीच्या बाईंनी त्यांच्या पर्यवेक्षिकांना सांगितलं, महिन्याच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायला दिलं. तिथे मी थेरपी वगैरे काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की दर महिन्याला वजनाला छोटी मुलं येतातच, अजून अंगणवाडीत न बसणारी पण येतात, त्या दिवशी आईला तीन गोष्टी विचारा, हाकेला वळतो का, बोटाने दाखवतो का, आलेला शब्द गेलाय का. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाची चित्रं छापलेलीच आहेत, नवीन कागद काही लागत नाही. वजनाच्या रांगेत असं विचारणं म्हणजे पेरणी करता करता तण उपटणं, त्याच फेरीत होतं. काही जणींनी नाकं मुरडली, "आम्हाला आधीच मोबाईलवर भरायला किती आहे ते बघा," आणि ते काही खोटं नाही. पण काही जणींनी केलं. आणि मुलं निघाली. सेरेब्रल पाल्सीची, डाउन सिंड्रोमची, कधीच कुठे न दाखवलेली. एक मुलगी तर घरात दार लावून ठेवलेली. काही घरांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं, मोठ्या मुलीचं लग्न जमवायचंय, बोभाटा नको. त्यांच्यावर राग येत नाही, मी पण पहिले काही महिने पोराला माहेरच्या कार्यक्रमाला नेत नव्हते.

मग लेखी अर्ज. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना, प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना, खाली पालकांच्या सह्या-अंगठे. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली, हे फार महत्त्वाचं, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. बरेच दिवस काही झालं नाही. मी दर वेळी पोच घेऊन जायची, बसायची, यायची. भांडले नाही. भांडणाऱ्यांना एकदाच उत्तर मिळतं. शेवटी साहेब बदलले आणि नवीन आलेल्या मॅडम म्हणाल्या, "आधी एकदा करून तर बघू." महिन्याचा एक गुरुवार ठरला, डीईआयसीतून फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षिका आल्या. पहिल्या गुरुवारी खोली पुरली नाही, लोक जिन्यात बसले.

सामान मात्र काही नव्हतं, जमिनीवर सतरंजी एवढंच. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आमच्याकडे तो दरवर्षी थोडे थोडे पैसे वाटून संपायचा. ग्रामसभेत मी उभी राहिले तेव्हा बायका कमीच होत्या, सरपंच म्हणाले, "वहिनी, लोकांना हातात पैसे बरे वाटतात." मी म्हटलं द्या की, मोठ्या माणसांना द्या, पण लहान मुलांच्या वाट्यातून गाद्या, थेरपी बॉल, एक झोपाळा आणि खेळणी घ्या, ती गावातच अंगणवाडीत राहू देत, सगळ्यांना वापरता येतील. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, नियमात बसतं का बघतो म्हणून दोन सभा घालवल्या. तिसऱ्यात ठराव झाला. झोपाळा आला तो अंगणवाडीच्या छताला लावता येईना, हुकाला छत पेलणार नाही म्हणे, तो आता आवारातल्या झाडाला आहे, पावसाळ्यात काढून ठेवायचा. चालतंय.

गुरुवारमुळे सगळं जमलं असं नाही. कधी जिल्ह्यातून गाडी मिळत नाही आणि गुरुवार रद्द होतो, ते आम्हाला सकाळी कळतं, तोवर लांबच्या वस्त्यांवरचे लोक निघालेले असतात. आता आम्ही पालकांच्या ग्रुपवर बुधवारी संध्याकाळी फोन करून नक्की करून टाकतो. मोठ्या मुलांचं काय हा प्रश्न तसाच आहे, चौदा-पंधरा वर्षांची मुलं घेऊन आई येते आणि तिला सांगायला आमच्याकडे फारसं काही नसतं, फिजिओ थोडं बघते, बाकी पुढचा रस्ता नाही. शाळेचं बरं आहे त्या मानाने, तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका आमच्या शाळेत अधूनमधून येतात, वर्गातल्या बाईंना सांगून जातात, धाकट्याला पहिल्या बाकावर कडेला बसवलंय, घंटेचा आवाज सहन होत नाही म्हणून घंटेआधी दोन मिनिटं त्याला बाहेर आणतात. तो आता दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, स्वतःला हवं असेल तेव्हाच.

वाचा बघणाऱ्यांचं पद जिल्ह्याला अजून रिकामं आहे आणि गुरुवारी येणाऱ्यातली निम्मी मुलं बोलण्यासाठीच येतात. विशेष शिक्षिका जमेल तेवढं करते पण ते तिचं काम नाही. त्यासाठी नवीन अर्ज दिलाय, ह्या वेळी आजूबाजूच्या दोन तालुक्यांतल्या पालकांच्या सह्या पण आहेत, कारण तिकडेही गुरुवारसारखा एक दिवस हवाय आणि एकच माणूस तिन्ही तालुक्यांना वार लावून फिरू शकतो असं आम्ही त्यात लिहिलंय. पोच घेतलीय. पुढच्या आठवड्यात विचारायला जाणार आहे.